वाटेकरी

लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत होते. ऱ्होड आयलंड हे तिचं राज्य नकाशात एका बोटाखाली झाकून जाईल एवढंच. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर एका रविवारी आम्ही ब्रिस्टल या समुद्रकाठच्या गावी गेलो. गाव लहान, पण किती नेटकं! १७८५ पासून तिथं चार जुलैचा स्वातंत्र्यदिन साजरा होत आलाय, म्हणून होप स्ट्रीटच्या मधोमध लाल-पांढरा-निळा पट्टा रंगवलेला. त्याच रस्त्यावर लिंडन प्लेस हा उंच पांढऱ्या खांबांचा वाडा आहे. १८१० साली बांधलेला. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "बांधणाऱ्यानं मोठं पुण्य केलं असणार गं."

लेक म्हणाली, "आई, माणसं विकून बांधलाय हा."

मग वाड्यात जे ऐकलं आणि घरी येऊन लेकीनं जे वाचून दाखवलं, त्यानं झोप उडाली. इथल्या डीवुल्फ घराण्यानं १७६९ ते १८२० या काळात दहा हजारांहून जास्त माणसं आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणली. क्युबातल्या उसाच्या मळ्यांवर गुलाम राबायचे. तिथली काकवी ब्रिस्टलला यायची, भट्टीत तिची रम व्हायची, रम आफ्रिकेला जायची आणि तिच्या बदल्यात माणसं घेतली जायची. ती क्युबात किंवा अमेरिकेच्या दक्षिणेत विकायची आणि पुन्हा काकवी आणायची. ऱ्होड आयलंडनं १७८७ मध्येच हा व्यापार बेकायदा ठरवला होता. पण बंदरावर जकातीचा अधिकारी म्हणून घराण्याच्या नात्यातलाच माणूस बसला, मग अडवणार कोण?

मला आमच्या पाठशाळेतले पंडितजी आठवले. श्रावकानं कोणते धंदे करू नयेत, त्यांची यादी ते पाठ करून घ्यायचे. त्यात रसवाणिज्य म्हणजे मद्य-मधाचा व्यापार आणि केशवाणिज्य म्हणजे दास-दासी, जनावरं यांचा व्यापार. आम्ही मुली हसायचो, 'केसांचा कसला आलाय व्यापार!' आता ते दोन्ही शब्द एकाच गावात, एकाच जहाजावर दिसले.

या घराण्यातला जेम्स डीवुल्फ तरुणपणी जहाजाचा कप्तान होता. जहाजावरच्या एका बाईला देवी आल्या. इतरांना लागण होईल म्हणून तिला खुर्चीला बांधून जिवंत समुद्रात सोडलं. १७९१ मध्ये त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला, पण शिक्षा काही झाली नाही. पुढं तो अमेरिकेच्या सिनेटवर गेला. त्याचं नाव सगळीकडं आहे. त्या बाईचं नाव कुठंच नाही.

पण मला जास्त टोचलं ते वेगळंच. हा एका घराण्याचा धंदा नव्हता, गावाचा होता. पिंपं करणारा, दोर वळणारा, लोखंड ठोकणारा, जहाजाला धान्य पुरवणारा शेतकरी, सगळे त्यावर जगायचे. साध्या साध्या लोकांनी जहाजांत पैसे गुंतवले होते. १८२५ मध्ये वाड्याचा मालक जॉर्ज डीवुल्फ कर्जात बुडाला आणि रातोरात क्युबाला पळाला, तेव्हा त्याच्याबरोबर अर्धं गाव बुडालं. ज्यांनी कधी कुणाला साखळी घातली नाही, त्यांचाही त्यात वाटा होता. आपण म्हणतो ना, कृत, कारित, अनुमोदना. केलं, करवलं आणि करणाऱ्याला मान डोलावली, तिन्ही कर्मबंधच.

गावानं हे बरीच वर्षं तोंडावर आणलं नाही. घराण्याच्या वंशज कॅटरिना ब्राउन यांना ते कळलं आजीनं लिहिलेल्या कुटुंबाच्या इतिहासातून. २००१ मध्ये त्या आणि नात्यातले नऊजण ब्रिस्टल, घाना आणि क्युबा अशा त्याच वाटेनं गेले आणि २००८ मध्ये त्यांचा चित्रपट आला. आता वाड्यातही हे सांगतात. नातवंडांना लाज वाटली, पण त्यांनी दार लावून घेतलं नाही.

परत आल्यावर मी माहेरी निपाणीला गेले. माझ्या आजोबांची तंबाखूची वखार होती. आम्ही पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं. वखारीत बायका तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळायच्या. धुळीनं दिवसभर खोकायच्या. माझ्या लग्नातल्या पाटल्या त्याच पैशांतल्या. त्या बायका संध्याकाळी आपापल्या घरी जायच्या, त्यांना कुणी विकत घेतलं नव्हतं. ब्रिस्टलशी तुलना करावी असं मला वाटत नाही, ते त्या समुद्रात सोडलेल्या बाईवर अन्याय करणारं होईल. पण आजोबांची जुनी हिशेबवही काढली, तर रोज एकच ओळ : 'बायका १४'. पुढं रक्कम. पोत्यांवर मात्र खुणेची अक्षरं होती.

आईला विचारलं, "आई, त्या बायकांची नावं आठवतात का गं?"

आई पंच्याऐंशीची आहे. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एक गंगव्वा होती बघ. आणि एक... तिला आम्ही खोकलीच म्हणायचो. खरं नाव कधी विचारलंच नाही."

दरवर्षी क्षमावाणीला आम्ही 'सर्व जीवांची क्षमा' म्हणून हात जोडतो आणि घरी येऊन जेवायला बसतो. यंदा आईनं हात जोडले आणि अडखळली. मला म्हणाली, "वखारीमागच्या गल्लीत गंगव्वाचं कोणी राहतंय का, बघून ये. दुसरीचं नाव त्यांना ठाऊक असेल."

उद्या जाणार आहे.