निळा उजेड

दिवाळीच्या सुटींत मी रविवार कारंजावरील मामांच्या किराणा दुकानांत मदतीस बसत असें. गल्ल्याशेजारीं नोटा तपासण्याचा एक लहानसा अतिनील दिवा आहे. तो हाताळावयास मिळे, याचा मला, खरें सांगावयाचें तर, थोडा गर्वच वाटे.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीं एक वृद्ध बाई आली. दिंडोरीकडे द्राक्षबागेंत छाटणीच्या मजुरीस ती जात असे. साखर, रवा, तेल असें सणापुरतें सामान बांधून घेऊन तिनें कनवटीची पांचशेंची नोट पुढें केली. मीं ती दिव्याखालीं धरली, तों सारा कागद निळसर झळाळूं लागला! खऱ्या नोटेचा कागद त्या उजेडांत मंद दिसतो, एवढेंच मला ठाऊक होतें. "मावशी, ही नोट खोटी आहे," असें मीं चारचौघांत मोठ्यानें सांगितलें.

"दादा, मजुरीची हाये रं ती, नीट बघ," एवढेंच ती म्हणाली. मामा त्या वेळीं दुकानांत नव्हते. सामान तसेंच टाकून ती निघून गेली.

सुटी संपल्यावर प्रयोगशाळेंत गुरुजींनीं खिडक्या लावून तसाच दिवा पेटविला. पाहतों तों आम्हां साऱ्यांचे गणवेषाचे सदरे निळे चमकत होते! गुरुजी म्हणाले, हा धुण्याच्या पुडीचा प्रताप. पूर्वीची नीळ कपड्यास केवळ निळी झांक देई. आतांच्या पुडींत मात्र अशीं द्रव्यें असतात कीं, तीं डोळ्यांस न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून घेतात आणि त्याचा दिसणारा निळा प्रकाश करून परत देतात. सारा वर्ग हंसत होता. माझ्या अंगावर मात्र कांटा उभा राहिला.

त्याच दिवशीं मामांची परवानगी घेऊन मीं एक खरी नोट साबणाच्या पुडीच्या पाण्यांत भिजवून वाळविली. दिव्याखालीं ती अगदीं मावशीच्या नोटेसारखी झळाळली. परंतु तिचा क्रमांकही चमकत होता, आणि कागदांतील बारीक तंतूही. कारण ती शाई व ते तंतू खऱ्या नोटेंत मुद्दाम तसे घातलेले असतात. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि नाशिकच्या मुलानें नोट अर्धीच पाहावी! मावशीची नोट खरी होती कीं खोटी, हें आतां मला सांगतां येत नाहीं. मीं तिचा क्रमांक पाहिलाच नव्हता.

हें सारें मीं गुरुजींजवळ कबूल केलें. ते रागावले नाहींत. त्यांनीं मला आर्गॉनची हकीकत सांगितली. हवेच्या शंभर भागांत जेमतेम एक भाग असलेला हा वायु रॅले व रॅम्से यांनीं १८९४ सालीं शोधला. उणे १८६ अंशांपर्यंत थंड केला कीं त्याचा द्रव होतो, आणि त्या द्रवांतून विद्युत्भारित कण धांवला म्हणजे प्रकाश उमटतो. पण त्या प्रकाशाची तरंगलांबी अवघी १२८ नॅनोमीटर! तो दिसत तर नाहींच, साध्या कांचेंतूनही पार होत नाहीं. कॅनडांत सडबरीजवळ, जमिनीखालीं दोन किलोमीटरवर, विश्वांतील कृष्णद्रव्य शोधण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं 'डीप-३६००' नांवाचें उपकरण उभारलें. त्यांतील अ‍ॅक्रिलिकच्या गोलांत सुमारें ३.३ टन द्रव आर्गॉन भरला होता, आणि गोलास आंतून टेट्राफिनाइल ब्युटाडाइन या द्रव्याचा अतिशय पातळ थर दिला होता. हा थर तो अदृश्य प्रकाश शोषून सुमारें ४२० नॅनोमीटरचा जांभळट-निळा प्रकाश देतो. तो भोंवतालचे २५५ प्रकाशग्राहक टिपतात.

येथें मला राहवलें नाहीं. मीं विचारलें, "पण थर तर नेहमीं निळाच उजळणार, मग कोणता कण गेला, हें कसें कळावें?" गुरुजी हंसले. त्या प्रकाशाचा कांहीं भाग सेकंदाच्या कांहीं अब्जांश भागांत येतो, तर कांहीं रेंगाळत, सुमारें दीड मायक्रोसेकंदाच्या गतीनें. लवकर किती व उशिरां किती आला, हें मोजून ते कण ओळखतात. नुसत्या निळ्या उजेडावर तेथें कोणी निवाडा करीत नाहीं.

मामांनीं तें सामान एका पिशवींत घालून अजून वरच्या फळीवर ठेविलें आहे. दर बुधवारीं बाजारास खेड्यांकडील बायका येतात. त्यांत मी तिला शोधतों. चेहरा नीटसा आठवत नाहीं. हातांत हिरव्या बांगड्या होत्या, आणि लुगडें जुनें, पण स्वच्छ धुतलेलें होतें.