प्रकृति आधीं, विकृति मागून

गेल्या आश्विनांत आमच्या नातीचे पाय दुखूं लागले. वय अवघें नऊ. अलिबागेच्या वाळूंत दिवसभर धांवणारी पोर. मुडदूस तर नव्हे, या शंकेनें डॉक्टरांनीं रक्त तपासावयास सांगितलें. सायंकाळीं कागद आला. अल्कलाइन फॉस्फेटेज या द्रव्याचा आंकडा ३१० आणि शेजारीं मर्यादा १३० पर्यंत! सूनबाईंच्या डोळ्यांस पाणी आलें. आम्ही संध्येस बसलों खरे, पण मन त्या आंकड्याभोंवतींच फिरत राहिलें.

दुसऱ्या दिवशीं डॉक्टर कागद पाहून हंसले. "गुरुजी, ही मर्यादा मोठ्या माणसांची आहे. मुलांचीं हाडें वाढत असतात. तीं घडविणाऱ्या पेशी हें द्रव्य रक्तांत सोडतात. या वयास एवढें असावयाचेंच. मुडदूस असता तर आंकडा बहुधा याहून पुष्कळ वर गेला असता."

उत्सर्ग पक्का झाल्यावांचून अपवाद ओळखतां येत नाहीं, असें व्याकरण शिकवितांना आम्हीच सांगत असूं. आमच्या गांवची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून हेंच करीत आली आहे. शांत दिवसांची नोंद असते, म्हणून चुंबकीय वादळ ओळखूं येतें. रक्ताचेंही तसेंच. पुष्कळ निरोगी मुलें तपासावीं, वयाप्रमाणें गट पाडावे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के वगळून मधला पल्ला धरावा. म्हणजे वीस निरोगी मुलांत एखादें मूल पल्ल्याबाहेर पडणारच! कॅनडांत टोरोंटोच्या बालरुग्णालयानें हजारों निरोगी मुलांवरून अशीं कोष्टकें सिद्ध केलीं आहेत.

पण दूरदेशींचें माप आमच्या मुलांस तंतोतंत लागेल काय? २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण-पाहणींतील निरोगी मुलांवरून संशोधकांनीं २०२१ मध्यें दाखविलें कीं, हिमोग्लोबिनची किमान मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हांच्या मर्यादेहून बहुधा एक ते दोन ग्रॅमांनीं खालीं येते. माप उंच धरलें तर सुदृढ मूल पांडुरोगी ठरतें. फार खालीं धरलें तर खरोखर आजारी मूल नजरेआड होतें. दोहोंकडे लेंकरूंच आहे.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती कीं, कागद हातीं येतांच ही मर्यादा कोणत्या वयाची, हें डॉक्टरांस विचारावें. मग भ्यावें किंवा निश्चिंत व्हावें. आम्हीं स्वतः जन्मभर एकाच फूटपट्टीनें मुलें मोजलीं आणि मागें पडणाऱ्यांस 'मंद' म्हटलें. त्यांतील कितीजण केवळ आपल्या वयाप्रमाणें वाढत होते, हें आतां कोणास विचारावें?