छोट्या बशांची भाषा

इस्तंबूलमधील एखाद्या ‘मेहाने’त आपण संध्याकाळी जाऊन बसलात, तर पदार्थांची यादी हाती येण्याआधी बहुधा एक भलेमोठे तबकच समोर येते. त्यात छोट्या छोट्या बशा मांडलेल्या असतात : लसूण घातलेले दही, भाजून कुस्करलेले वांगे, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या, पांढरे चीज. आपण बोटाने दाखवावे आणि वाढप्याने ती बशी मेजाच्या मध्यभागी ठेवावी. ती सर्वांची असते. या बशांना म्हणतात ‘मेझे’.

मेहाने म्हणजे गझलांतून आपल्या कानांवर पडलेला ‘मयखाना’. मेझे हा शब्दही आपल्याला परका नाही. फारसीत ‘मझा’ म्हणजे चव. हा शब्द पश्चिमेकडे गेला तेव्हा बशीत उतरला. आपल्याकडे आला तेव्हा ‘मजा’ झाला. आपण मजा सहलीत नि गप्पांत शोधतो; तुर्कांनी तिचे जेवणाच्या मेजावरचे स्थान राखून ठेवले.

तबकातील कित्येक नावे थेट कृती सांगतात. ‘दोल्मा’ म्हणजे भरलेले. आपल्या भरल्या वांग्याच्या नावाची घडणही हीच. प्रवासी भरल्यावर निघणाऱ्या सामायिक मोटारीला तेथे ‘दोल्मुश’ म्हणतात. सातारा-कोल्हापूरकडील वाचकांना वडाप आठवेल. ‘सार्मा’ म्हणजे गुंडाळलेले, आपल्या अळूच्या उंड्यासारखे. मांसाला फाटा देऊन तांदूळ, कांदा आणि बेदाणे भरले, की तो दोल्मा ‘यालान्जी’ ठरतो, म्हणजे खोटारडा! शाकाहारी वाचकांनी राग मानू नये; मला तरी हा खोटारडाच अधिक चविष्ट वाटतो.

आता एजियन समुद्राच्या पलीकडे, ग्रीसमधील थेसालोनिकी शहरात या. मेजावर बशा त्याच. नावांना केवळ ग्रीक शेपूट जोडलेले. मेझेचे अनेकवचन ‘मेझेदेस’. काकडी-दह्याचा पातळसर ‘जाजिक’ येथे घट्ट होऊन ‘त्झात्झिकी’ बनतो. ‘क्योफ्ते’चे ‘केफ्तेदेस’ होते. मूळ फारसी शब्दाचा अर्थ कुटलेले, आणि आपला कोफ्ता त्याच घराण्यातला.

उस्मानी राजवटीच्या शतकांत हे शब्द ग्रीक भाषेत मुरले होतेच. पुढे 1923 साली लोझान येथे झालेल्या करारानुसार दोन्ही देशांनी धर्माच्या निकषावर माणसांची अदलाबदल केली. सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसच्या आणि साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानच्या वाट्याला आले. ग्रीसमध्ये आलेल्यांपैकी काहींना तर तुर्कीखेरीज भाषा येत नव्हती. घरे-शेते सुटली; रांधण्याच्या रीती सोबत आल्या. जिऱ्याच्या स्वादाचे लांबट ‘सुत्झुकाकिया’ ग्रीसमध्ये आजही स्मिर्नाच्या, म्हणजे आजच्या इझमीरच्या, नावाने ओळखले जातात. 1974 मधील सायप्रसच्या संघर्षानंतर ग्रीकांनी ‘तुर्की कॉफी’ला ‘ग्रीक कॉफी’ म्हणण्यास सुरुवात केली. मेझे मात्र मेझेच राहिले.

ग्रीकांजवळ स्वतःचा शब्द नव्हता असे नव्हे. जेवणाआधीच्या पदार्थांना ते ‘ओरेक्तिका’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘ओरेक्सिस’ आहे : इच्छा, ओढ. त्याला नकार जोडून वैद्यकाने ‘अ‍ॅनोरेक्सिया’ हा शब्द घेतला. आपल्या घरांत हेच निराळ्या शब्दांत बोलले जाते : ‘आजींची अन्नावरची वासना उडाली आहे.’ वासना म्हणजे इच्छाच. दूरच्या दोन भाषांनी भूक ही पोटाइतकीच मनाचीही मानली, याचे मला फार अप्रूप वाटते.

म्हणूनच वासना उडालेल्या माणसापुढे वाढलेले भरगच्च ताट ठेवू नये. ते पाहूनच तो मान फिरवतो. दोन चमचे कोशिंबीर, भरल्या वांग्याची एक फोड, मऊ भाताचा लहानसा मुद वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, थोड्या थोड्या वेळाने द्या, आणि आपणही शेजारी जेवायला बसा. अरुची काही दिवसांत हटली नाही किंवा वजन उतरू लागले, तर मात्र डॉक्टरांना दाखवण्यास विलंब नको. रक्तदाब असलेल्यांनी मेझेतील खारवलेले ऑलिव्ह आणि चीज बेतानेच घ्यावे. काकडी-दह्याची बशी खुशाल पुढे ओढावी.