सहीला जामीन कोण?

सही-शिक्क्यावाचून कागद खरा मानू नये, हा आपला जुना रिवाज संगणकांनीही उचलला आहे. घरच्या संगणकासाठी असे एक डिजिटल प्रमाणपत्र आम्ही 'ओपनएसएसएल' ह्या अवजाराने, आज्ञा टंकून, तयार केले. एका आज्ञेने २०४८ बिटांची खाजगी किल्ली जन्मास आली. दुसरीने तिची जोडीदारीण, म्हणजे जगास दाखवावयाची किल्ली, नाव व मुदत यांसह कागदात बसविली आणि खाली आमच्याच खाजगी किल्लीने सही केली. पाव घटकाही लागली नाही. परंतु ब्राउझरने ते पाहताच धोक्याची पाटी पुढे केली! गणितात दोष नव्हता. सहीस जामीन कोण, एवढीच त्याची शंका होती.

जामीन म्हणजे ब्राउझरच्या यादीत आधीच बसलेल्या प्रमाणन संस्था. मौज ही की, त्यांच्या मूळ प्रमाणपत्रावरची सहीदेखील त्यांची स्वतःचीच असते. आमच्या नि त्यांच्या कागदात विधीचा भेद असा नाहीच.

२०११ साली हॉलंडातील डिजिनोटार ह्या संस्थेच्या संगणकांत चोर शिरले व तिच्या सहीने गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र निघाले. इराणात जीमेल वापरणाऱ्यांची पत्रे त्यायोगे परक्यांस वाचता येण्याजोगी झाली. सही अस्सल होती, हेच भयंकर! ब्राउझरवाल्यांनी ते नाव खोडले. त्याच सप्टेंबरात संस्थेचे दिवाळे वाजले.

हे वाचल्यावर आम्ही आमच्या ब्राउझरची यादी उघडली. नावे शंभरांहून अधिक निघाली. त्यांतील चार-पाच तेवढी आमच्या ऐकण्यातली होती.