माथेरानला जायचे ठरवाल तेव्हा

तुमच्या घरात असे एखादे गाव आहे का, जिथे 'पुढल्या वर्षी नक्की जाऊ' म्हणता म्हणता वर्षे सरून गेली? आमच्या घरात ते गाव माथेरान होते.

आमची शेती अलिबाग तालुक्याच्या खारेपाटात. माथेरान आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात. पहाटे घर सोडलेला माणूस दुपारपर्यंत तिथे पोचतो. आईला तिथली झुकझुक गाडी पाहायची फार हौस. दर वर्षी मळणी आटोपली की ती विषय काढी. पण एका वर्षी उधाणाने खाडीचा बाहेरकाठा फुटला आणि खारे पाणी शेतात शिरले. दुसऱ्या वर्षी बैल आजारी पडला. तिसऱ्या वर्षी बहिणीचे लग्न निघाले. वडील म्हणत, "यंदा राहू दे, पुढल्या वर्षी जाऊ." २०२१ साली वडील गेले आणि पुढले वर्ष त्यांच्यापुरते आलेच नाही. आईने नंतर माथेरानचे नाव काढले नाही.

पुढच्या दिवाळीत आमचा मुलगा म्हणाला, "आपण आजीला घेऊन अबूला जाऊ." राजस्थानात वाळवंटाच्या कडेला डोंगरावर वसलेले ते गाव. त्याने चित्रेही दाखवली. आई सगळे ऐकून एवढेच म्हणाली, "अरे, इतका लांबचा डोंगर कशाला? आपला जवळचाच राहिलाय की." जानेवारी २०२३ मध्ये आम्ही पाच जण माथेरानला गेलो. त्या वेळी आम्ही काय चुकलो आणि काय साधले ते सांगतो. तुमचा बेत ठरवताना उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न, केव्हा जावे? पावसाळ्यात लावणीची घाई, शिवाय नेरळहून वर जाणारी छोटी गाडी त्या दिवसांत बंद असते. मे महिन्यात मुंबईकरांची गर्दी उसळते आणि पाण्याचे हाल असतात. आपल्या घरांना सोयीचा काळ म्हणजे भात झोडून घरात आले, वाल शेतात उभा आहे, आणि त्याची काढणी अजून लांब आहे तो. पांढरा कांदा लावणाऱ्यांनी दोन पाण्यांच्या मधले दिवस धरावेत. गुरांची दावण शेजाऱ्यावर सोपवावी आणि त्याच्या गावच्या जत्रेच्या वेळी आपण त्याची सांभाळावी. एवढे आधी ठरले की निम्मा प्रवास झालाच म्हणायचा.

वार मात्र नीट निवडा. आमची पहिली चूक इथेच झाली. मुलांची शाळा बुडू नये म्हणून आम्ही शनिवार-रविवार धरला. शेतकऱ्याला रविवार आणि मंगळवार सारखेच. मुलांचा एक दिवस बुडाला तर बुडू द्यावा, पण सुट्टीच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांना नेऊ नये.

आता वाट. पोयनाड, अलिबागकडच्या मंडळींनी एस.टी.ने पेण गाठावे. पेणहून खोपोली, खोपोलीहून लोकलने कर्जत आणि पुढे नेरळ. पनवेलवरूनही जाता येते. नेरळ स्टेशनातच छोटी गाडी उभी असते. तिचा रूळ दोन फूट रुंदीचा, म्हणजे आपल्या बैलगाडीच्या चाकोरीहूनही अरुंद. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचा पैसा घालून हा मार्ग बांधला आणि १९०७ साली गाडी सुरू झाली. सुमारे वीस किलोमीटरची चढण ती डोंगराला वळसे घालत अडीच-पावणेतीन तासांत चढते. २००५ च्या जुलैमधल्या अतिवृष्टीने रूळ वाहून गेले होते. २०१९ च्या पावसातही मोठी पडझड झाली आणि नेरळहून निघणारी गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा धावू लागली. गाड्या मोजक्या आणि डबेही मोजके. त्यामुळे वेळापत्रकाची चौकशी घरूनच करा आणि तिकिटाच्या खिडकीवर लवकर जाऊन उभे राहा.

आम्ही नेरळला पोचलो तेव्हा तिकिटे संपली होती. मग टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्याला उतरलो. तिथून पुढे मोटार, टेम्पो, मोटरसायकल काही जात नाही. तुमची स्वतःची गाडी असली तरी तिथेच ठेवावी लागते. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवले, पण वाहनबंदी त्याच्याही आधीपासूनची आहे. दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. जवळच अमन लॉज स्थानकावरून छोट्या गाडीची शटल सुटते. रविवारी तिथेही रांग लागलेली. ई-रिक्षा डिसेंबर २०२२ मध्ये प्रयोग म्हणून नुकत्याच सुरू झाल्या होत्या, पण त्याही मोजक्याच. उरल्या दोन गोष्टी, घोडा आणि हातरिक्षा.

हातरिक्षा म्हणजे माणसाने ओढायची गाडी. एक जण पुढे दांड्यात, चढ आला की मागून एक-दोघे रेटणारे. आईचे वय बाहत्तर, गुडघे दुखरे. आम्ही रिक्षा ठरवली तर ती हटून बसली. म्हणाली, "जन्मभर बैलाला जू घातलं, ते बैलाला. माणसाच्या खांद्यावर मी बसायची नाही." रिक्षा ओढणारा गडी चाळिशीचा असेल. तो कर्जत तालुक्यातल्या डोंगरपायथ्याच्या गावचा. पावसाळ्यात स्वतःचे थोडे भात लावायचे आणि एरवी इथे रिक्षा ओढायची. तो हात जोडून म्हणाला, "आजी, तुमचं खरं आहे. पण तुम्ही बसला नाहीत तर माझ्या घरी आज चूल कशावर पेटायची?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. शेवटी आईनेच तोड काढली. "बोचकी तुझ्या गाडीत ठेवते, दाम पुरे घे, मी चालते." ती त्याच्या बाजूने चालू लागली. वाटेत दोघांच्या गप्पा सुरू. तुमच्याकडे कोणता भात, आमच्याकडे कोणता. तुमचा वाल कडवा का गोडा. तांबड्या मातीच्या त्या वाटेवर निम्मे अंतर ती चालली. मग गुडघा धरला आणि बसावेच लागले. उरलेल्या वाटेत तिने मान वर केली नाही. बाजारात उतरल्यावर पिशवीतल्या तांदळाच्या चार भाकऱ्या आणि सुकटीची चटणी तिने त्या माणसांच्या हातात ठेवली. त्यांनी ती तिथेच झाडाखाली बसून खाल्ली.

ही गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी, की म्हातारे माणूस बरोबर असेल तर दस्तुरी ते बाजारपेठ हा तुकडा आधी ठरवून निघा. हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षांची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली होती. घोडेवाल्यांचा तिला विरोध होता, कारण पोट त्यांनाही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणूस ओढण्याची ही रीत माणुसकीला धरून नाही असे सांगितले आणि हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करून त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. तुम्ही जाल तेव्हा शटल किती वाजता, ई-रिक्षा कुठून मिळते, ही चौकशी मुक्कामाच्या घरी फोन करून अगोदरच करा. आईला आमच्यामुळे मान खाली घालावी लागली, तशी तुमच्या घरच्या कोणाला लागू नये.

मुक्कामासाठी मोठी हॉटेले आहेत, तशा घरगुती खोल्याही मिळतात. आपल्याला घरगुतीच बऱ्या. एक दिवसात जाऊन-येऊन करण्याचा हट्ट धरू नका, निदान एक रात्र राहा. पिशवी हलकी भरा, कारण इथे प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी पाठीवरून येते. जानेवारीत रात्री चांगला गारवा असतो, आपल्या समुद्रकाठच्या हवेची सवय असलेल्यांना तो बाधतो. म्हाताऱ्यांसाठी शाल-कानटोपी घ्या. वहाणा जुन्या, पायात बसलेल्या घ्या. खाण्याची पिशवी उघडी धरू नका, माकडे हातातून ओढून नेतात. प्लास्टिक नेऊ नका, आणि गेलेच तर परत आणा.

पाण्याबद्दल दोन शब्द. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच. पाऊस दोनशे इंचांच्या घरात पडतो. वाटेल, इथे पाण्याला काय तोटा? पण माथा जांभ्याचा. पडलेले पाणी झिरपते, उरलेले कड्यावरून खाली उडी घेते. शार्लट तळे आहे, आणि खाली नेरळकडून उल्हास नदीचे पाणी पंपाने वर चढवले जाते. २०११ च्या जनगणनेत गावची वस्ती साडेचार हजारांच्या आतच होती, पण मे महिन्यात पाहुणे किती तरी पटींनी येतात. तेव्हा पावसाने न्हालेला हा डोंगर वाळवंटासारखा तहानतो. आपल्या खारेपाटातल्या बायकांना हे समजावून सांगायला नको. चहूकडे पाणी आणि हंड्यात थेंब नाही, हे दुःख त्या ओळखतात. म्हणून मुक्कामी असताना नळ वाहता ठेवू नका, आंघोळीला एक बादली पुरे.

पाहायचे काय? कड्यावरच्या निवांत जागांना तिथे पॉइंट म्हणतात आणि ते पुष्कळ आहेत. सगळे पाहायच्या नादी लागू नका. पहाटे पॅनोरामा, नाहीतर संध्याकाळी सूर्यास्ताचा पॉइंट. दोन दिवसांत तीन-चार ठिकाणे शांतपणे पाहावीत. झाडी दाट, जांभूळ-हिरडा ओळखीचे. नशीब असेल तर शेकरू दिसते. चौक पॉइंटवरून खाली चौक गाव दिसते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात त्याच बाजूने वर चढला आणि पुढे साहेब लोकांचे बंगले उभे राहिले. पण हे रान त्याच्या आधीही ठाकर, कातकरी आणि धनगरांच्या पायाखालचेच होते.

मुलांना आणखी एक नाव सांगा, विठ्ठलराव उर्फ भाई कोतवाल यांचे. १ डिसेंबर १९१२ रोजी याच गावात, नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि कर्जत भागातल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. पावसाळ्यात घरातले भात संपले की सावकाराच्या दारात जावे लागू नये, म्हणून ही कोठी. आपल्या चरीच्या कुळांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे खोतांविरुद्ध संप चालवला. त्याची आठवण घरोघरी ज्यांनी ऐकली, त्यांना या कोठीचे मोल कळेल. १९४२ च्या लढ्यात कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीने ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. आमच्या रिक्षावाल्याने आईला सांगितले, की धान्यकोठीची गोष्ट त्याने आजोबांच्या तोंडून ऐकली होती.

परतीच्या दिवशी सोमवार होता. मुलगा सकाळीच जाऊन रांगेत उभा राहिला आणि झुकझुक गाडीची पाच तिकिटे मिळाली. आई खिडकीशी बसली. वळणावर पुढचे इंजिन दिसले की नातवंडांबरोबर तीही हात बाहेर काढून दाखवी. जुम्मापट्टी गेल्यावर ती थोडा वेळ गप्प झाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्यांना बसायला आवडलं असतं रे."

वाचकहो, आपल्या घरी कामे कधी संपत नाहीत. भात गेले की वाल, वाल गेला की बांधबंदिस्ती, तोवर मृग येऊन ठेपतो. तेव्हा सवड मिळायची वाट पाहू नका. आज रात्री जेवणे झाली की घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, तुम्हाला कुठे जायचे राहिले आहे? मग जानेवारीतला एखादा मंगळवार धरा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्याभोवती पेन्सिलीने गोल करा. गुरांचे काय करायचे ते शेजाऱ्याशी उद्याच बोला.