पदकाला साक्षीदार लागतो!

मी वर्ध्याची. वर्धा म्हटलं की पुण्यातल्या माझ्या ऑफिसात सगळ्यांना सेवाग्राम आठवतं. त्याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराचा भलामोठा दारूगोळा डेपो आहे, हे कुणाच्या गावीही नसतं. चरखा आणि तोफगोळे, दोन्ही आमच्याकडचेच! त्यामुळे फौजेची बातमी आली की आम्हा वर्धेकरांचे कान आपोआप टवकारतात.

ऑगस्ट २०२५मध्ये ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर गेले, तेव्हाही तसंच झालं. १९७१च्या युद्धात त्यांचं विमान पडलं आणि ते पाकिस्तानच्या कैदेत गेले. १३ ऑगस्ट १९७२च्या रात्री रावळपिंडीच्या कॅम्पची भिंत पोखरून ते ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोघा साथीदारांसह चक्क पळाले! अफगाण सीमा अगदी जवळ आली असताना लंडी कोतलला त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. ते रेल्वे स्टेशन १९३२मध्येच बंद झालेलं. झालं, संशय आला आणि तिघेही पकडले गेले. या सुटकेवर पुढे पुस्तक आलं, सिनेमाही आला.

लंच टेबलवर एक मित्र म्हणाला, ‘यासाठी त्यांना शौर्यपदक मिळालंच असेल ना?’

नाही. या पलायनासाठी त्यांना मिळालं विशिष्ट सेवा पदक. ते शौर्यपदकांत मोडत नाही. शौर्याचं वायुसेना पदक त्यांना आधीच मिळालं होतं, १९६५च्या युद्धात. तेव्हा शत्रूच्या माऱ्यात त्यांच्या उजव्या खांद्याला दुखापत झाली होती. लीडर म्हणाला, विमान सोडून दे, इजेक्ट हो. यांनी जखमी खांद्यानिशी ते मोडकं विमान तळावर परत आणलं.

म्हणजे त्या दिवशी बघणारं, ऐकणारं कुणीतरी होतं. शौर्यपदक आपोआप मिळत नाही. वरिष्ठांना शिफारस लिहावी लागते, काय घडलं ते सांगणारं कुणी लागतं. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरवर सेबर विमानांशी लढले, ते आपल्याच विमानतळाच्या डोक्यावर. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे.

आणि फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे? तेही त्याच डिसेंबरात पाकिस्तानवर उडाले आणि परतलेच नाहीत. बेपत्ता जवानांच्या यादीत त्यांचं नाव राहिलं. पत्नी दमयंती तांबे म्हणजे बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती, अर्जुन पुरस्कारप्राप्त खेळाडू. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. पुढे अनेक दशकं त्या नवऱ्याचा शोध घेत राहिल्या. त्या कॉकपिटमध्ये शेवटच्या मिनिटांत विजय काय करत होते, हे सांगायला ते स्वतः परतले नाहीत.

आपलं बरं असतं. अप्रेझलचा फॉर्म आपणच भरतो, केलेलं थोडं फुगवूनही लिहितो. एकट्यानं विमान उडवणाऱ्याला ती सोय नाही.

दर २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला पदकांची यादी जाहीर होते. आपण दोन सेकंदांत ती स्क्रोल करून टाकतो. पुढच्या वेळी एखादं तरी नाव घ्या आणि त्याखालचा मजकूर नीट वाचा. कुणीतरी ते पाहिलं आणि जिवंत परत येऊन सांगितलं, म्हणून तो मजकूर आहे. आणि न परतलेले तांबेही तेव्हा आठवू द्या.