जामीनदार नवरा

लग्न जमवताना मुलाचा पगार विचारण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत आहे. सरळ कोणी विचारत नाही. मुलीचे मामा चहाचा कप खाली ठेवता ठेवता, "कामाचा व्याप बराच असेल, नाही?" असे म्हणतात. मुलाचे काका, "व्याप आहे, पण भागतं," असे म्हणतात. खरा आकडा पुढच्या आठवड्यात कचेरीतल्या एखाद्या ओळखीच्या कारकुनाकडून काढला जातो. अमेरिकेच्या सरकारला मामा नसल्यामुळे ते हा प्रश्न सरळ विचारते. मौज अशी की, ते लग्न झाल्यावर विचारते, आणि तोंडी उत्तरावर त्याचा मुळीच विश्वास नसतो. प्राप्तिकराचे कागद, मालकाचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, आणि सगळ्यांत शेवटी नवऱ्याची सही, एवढे सगळे त्याला लागते.

हे ज्ञान मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झाले. या वयात बायका मुलीच्या लग्नाची काळजी करू लागतात. मी स्वतःच्याच लग्नाची केली. आमचे हे न्यू जर्सीत एडिसन गावी असतात. पहिली पत्नी वारली. एक मुलगी आहे, ती कॉलेजात शिकते. अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन त्यांना बरीच वर्षे झाली. लग्न पनवेललाच, घरच्या पाच-पंचवीस माणसांत झाले. त्यांना 'अहो' म्हणावे की नावाने हाक मारावी, हा प्रश्न अजून सुटायचा होता, तोच त्यांची रजा संपली आणि ते परत गेले. मागे राहिले मी आणि एक जाडजूड फाइल.

पनवेलला परदेशाचे तसे अप्रूप नाही. इथल्या मोहल्ल्यांतून आखातात गेलेली घरे आहेत, इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल मंडळींची आठवण सांगणारे बेथ एल सिनेगॉग आहे, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तर नव्या विमानतळाचे उद्घाटनही जवळच झाले. तेव्हा "अमेरिकेला कधी?" हा प्रश्न मला भाजीवालीपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी विचारला. उत्तर मात्र लांबलचक होते. नागरिकाच्या पत्नीला वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागत नाही, हे खरे. पण आधी नवऱ्याचा अर्ज मंजूर व्हायचा, मग कागद न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथच्या व्हिसा केंद्राकडे जायचे, तिथे माझ्या पोटापाण्याची हमी पटायची, आणि मग मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. यातली पोटापाण्याची हमी म्हणजे आय-८६४ नावाचा नमुना. माझे सगळे पुराण त्याच्याभोवती आहे.

मी मराठीची प्राध्यापिका. नमुना हाती आला की प्रथम आकडे न पाहता मी शब्द पाहते. या हमीदाराला मराठीत काय म्हणायचे? 'प्रायोजक' म्हणावे, तर दूरदर्शनच्या मालिकेची आठवण होते. 'जामीन' म्हणावे, तर कोर्टाची पायरी दिसू लागते. विचार करता करता ध्यानात आले की, शब्द आपल्याकडे फार जुना आहे. भर्ता! 'भृ' म्हणजे वाहणे, पोसणे. पोसतो तो भर्ता, जिला पोसायचे ती भार्या, आणि जे वाहायचे तो भार. तिन्ही एकाच धातूची लेकरे. अमेरिकेच्या सरकारने काही नवे विचारलेले नाही. 'भार्या आणतोस ना? मग भार आमच्यावर टाकणार नाहीस, एवढे लिहून दे,' इतकेच ते म्हणते.

आणि हे ते आज म्हणत नाही. १८८२ च्या ऑगस्टमध्ये तिथे कायदा झाला की, ज्याला स्वतःचा निर्वाह करता येणार नाही आणि जो लोकांवर भार होईल, अशा उतारूला बोटीतून उतरू देऊ नये. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात अठरा वर्षांची एक मराठी मुलगी उतरली. आनंदीबाई जोशी! श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीमुळे ती आपल्याला घरच्या माणसासारखी वाटते. पतिराज गोपाळराव पोस्टातले नोकर. ते मागाहून तिकडे गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी, ज्यांचे तिच्याशी रक्ताचे नाते नव्हते, तिला आपल्या घरी नेले. ही गोष्ट मी वर्गात पुष्कळदा सांगितली आहे. पण परक्या माणसाची हमी घेणे म्हणजे काय, हे फाइल पुढ्यात आल्यावर मला नव्याने कळले. रोझेल काही एडिसनपासून फार लांब नाही.

पुढे १९९६ साली तिकडचा कायदा कडक झाला. तोवरची हमीपत्रे बरीचशी सदिच्छेचीच असत. कोर्टात ती टिकत नसत. आता ती करार झाली. सही करणाऱ्याने बायकोला दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्नाच्या पातळीवर ठेवलेच पाहिजे. न ठेवले, तर खुद्द बायको त्याच्यावर दावा लावू शकते. ही जबाबदारी संपते कधी? ती नागरिक झाली, किंवा तिच्या खाती कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे सुमारे दहा वर्षे, जमा झाल्या, किंवा ती देश कायमचा सोडून गेली, किंवा दोघांपैकी एकाने जगच सोडले, तर. घटस्फोटाने मात्र संपत नाही, असे त्या नमुन्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे सप्तपदी कोर्टात मोडता येते, पण आय-८६४ मोडत नाही!

हे सारे मी एका संध्याकाळी बाबांना मराठीत वाचून दाखवले. बाबा एस.टी.तून निवृत्त झालेले कारकून. 'जामीन' हा शब्द आमच्या घरात सहसा उच्चारत नाहीत. मी शाळेत असताना बाबा एका सहकाऱ्याला पतपेढीच्या कर्जासाठी जामीन राहिले होते. तो गृहस्थ नोकरी सोडून कुठे गेला ते शेवटपर्यंत कळले नाही. चार वर्षे हप्ते बाबांच्या पगारातून कापले गेले. त्या चार दिवाळ्यांत आईने चकल्या केल्या, पण अनारसे केले नाहीत. विचारले की म्हणे, "जाळी पडत नाही गं हल्ली." तांदूळ, गूळ आणि तूप यांचा भाव मला पुढे कळला.

वाचून झाल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे उद्या तुमचं दोघांचं पटलं नाही, तरी पोसायचं यानेच?"

"हो."

"स्टँपपेपरवर आहे?"

"नाही बाबा. स्टँप नाही, नोटरी नाही. खोटं लिहिलं तर शिक्षा, एवढंच खाली छापलंय. नुसती सही."

"नुसती सही!" बाबा म्हणाले. "मी पण नुसतीच केली होती. त्यांना विचार, नीट वाचलंय ना म्हणून. जामीन राहणाऱ्याला कुणी वाचून दाखवत नाही."

आता आकड्यांकडे येते. हे एका छापखान्यात हिशेब पाहतात. तिथले काम कमी झाल्याने आठवड्याला तीसच तास मिळतात. वर्षाचे अठ्ठावीस हजार डॉलर होतात. घरात माणसे धरायची तीन : ते, मुलगी आणि अजून न पोहोचलेली मी. २०२५ च्या कोष्टकात तिघांची दारिद्र्यरेषा २६,६५० डॉलर. तिची सव्वापट ३३,३१२. तूट आली ५,३१२ डॉलरची. माझा पगार धरता येत नाही का? नाही. येणाऱ्या बायकोचे उत्पन्न तिकडे गेल्यावरही त्याच ठिकाणाहून चालू राहणार असेल, तरच ते धरतात. अठरा वर्षे मी कॉलेजात शिकवले, दर महिन्याला स्वतःच्या नावाचा पगार स्वतः आणला, बाबांचे औषधपाणी केले, भाच्यांच्या फिया भरल्या. या सगळ्याची त्या रकान्यात किंमत शून्य. आयुष्यात प्रथमच मी कागदोपत्री आश्रित झाले होते. खरे सांगते, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

तूट भरून काढायला दोन वाटा होत्या. एक म्हणजे दुसरा जामीन घ्यायचा. तो तिथलाच रहिवासी, नागरिक किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेला हवा. ह्यांचे एक स्नेही आनंदाने तयार होते. दुसरी वाट मालमत्तेची. नागरिकाच्या पत्नीच्या बाबतीत तुटीच्या तिप्पट मालमत्ता दाखवली की चालते. ती वर्षाच्या आत रोख करता आली पाहिजे. आणि गंमत ऐका : ही मालमत्ता येणाऱ्या बायकोची असली तरी चालते! तिप्पट म्हणजे १५,९३६ डॉलर, रुपयांत चौदा लाखांच्या आसपास. माझ्या मुदत ठेवी साडेसोळा लाखांच्या होत्या.

मी फोन केला. म्हटले, "स्नेह्यांना त्रास नको. माझ्या ठेवी दाखवू."

पलीकडे शांतता. मग म्हणाले, "तुला पोसण्याची हमी मी देणार, आणि पैसे तुझेच दाखवणार? बरं दिसतं का हे?"

"तुमच्या मित्राने माझ्यासाठी दहा वर्षं गळ्यात दोरी अडकवून घेतलेली बरी दिसते का?" मी विचारले, आणि अनारशांची गोष्ट सांगितली. ती मी त्यांना तोवर कधी सांगितली नव्हती. लग्न ठरवताना माणसे एकमेकांना शिक्षण सांगतात, पथ्यपाणी सांगतात. घरातली कर्जे सांगत नाहीत. मग त्यांनीही सांगितले. पहिल्या पत्नीच्या आजारपणाचे देणे दोन वर्षांपूर्वी फिटले होते. त्या तासाभरात आम्ही जितके नवरा-बायको झालो, तितके अंतरपाट दूर झाला तेव्हाही झालो नव्हतो.

शेवटी बाबांचा प्रश्न विचारला, "तुम्ही ते नीट वाचलंय ना? घटस्फोटाची ओळसुद्धा?"

"दोनदा," ते म्हणाले. "लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, सही करा."

पुढचा महिना बँकेत गेला. वर्षभराचे उतारे, ठेवींच्या पावत्या, सनदी लेखापालाचा दाखला. ठेवी भारतात असल्या तरी तिकडे नेता येतात, हेही पटवायचे होते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली रहिवाशाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. त्याचा उल्लेख दाखल्यात करून घेतला. काउंटरवरचा मुलगा माझाच जुना विद्यार्थी निघाला. "मॅडम, हे नवऱ्याच्या हमीसाठी, आणि ठेवी तुमच्या?" असे त्याने तीनदा विचारले. व्याकरणात तो पूर्वीही कच्चाच होता. भर्ता या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप होते, हे त्याला मी शिकवले नव्हते.

एव्हाना मला इतर देशांच्या रीतीही कळल्या आहेत. ब्रिटनने २०१२ साली जोडीदाराला आणणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न १८,६०० पौंड तरी असावे असे ठरवले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ते एकदम २९,००० वर नेले. कॅनडा नुसत्या पतिपत्नींसाठी सहसा उत्पन्नाची अट घालत नाही. तीन वर्षांची हमी मात्र लिहून घेतो. प्रत्येक सरकार आपापल्या तराजूत संसार तोलून पाहते. राग येतो, नाही असे नाही. कमी पगाराच्या माणसाचे लग्न का कमी खरे असते? पण या फाइलीमुळे झाले असे की, एरवी पाच-सात वर्षांत जे कळते, ते आम्हाला एकमेकांबद्दल चार महिन्यांत कळले.

हमीपत्र गेले आहे. मुलाखतीची तारीख यायची आहे. तोवर माझे तास चालू आहेत आणि दिवाळीचे अनारसेही. यंदा जाळी छान पडली आहे. बाबांनी सही झालेल्या हमीपत्राची एक झेरॉक्स मागून घेतली. इंग्रजी त्यांना बेताचेच येते. तरी चष्मा लावून शेवटच्या पानावरची जावयाची सही त्यांनी पुष्कळ वेळ पाहिली. मग लोखंडी कपाट उघडले आणि पतपेढीच्या शेवटच्या हप्त्याची जुनी पावती ज्या पाकिटात आहे, त्यात ती घडी घालून ठेवली.

"असू दे," ते म्हणाले. "जामीन राहिलेल्या माणसाचा कागद घरात जपून ठेवावा."